दोनशे तासांत काही कमी-जास्त?

६ मे. सकाळी ८.
बारावीचा निकाल. प्रभुला एकसष्ट टक्के. फिजिक्स आणि मॅथ्समध्ये पास. पोरावर आता हात उचलायचा नाही, असा निश्चय. मोठा झाला.

दुपारी २.
उचलला. बापूसाहेब कॉन्ट्रॅक्टरनी अर्थिंगला हिरव्या वायरचं बंडल मागितलं, यानं लाल काढून दिलं. महिन्यातली तिसरी वेळ! सोलापुरात सात रस्ता चौकात वीस वर्षं इलेक्ट्रिकलचं दुकान आणि मालकाच्या पोराला लाल-हिरवं कळंना. गिऱ्हाइकांसमोर कानाखाली आवाज काढला. पोरगा बाहेर जाऊन उभा राहिला आणि वर बघत बसला. होटगी रोडकडं विमान उतरत होतं.

सायंकाळी ७.
उलगडा झाला. पोराचं लक्ष दुकानात नाही, आभाळात आहे. प्रभु पायलट होणार. त्याला अजून सांगितलेलं नाही.

९ मे.
चौकशी केली. पायलट व्हायला लागणाऱ्या रकमेत अख्खी बिल्डिंग होते. पण मी हार मानणारा नव्हे. मोबाईलवर शोधलं आणि सापडलंच: बी.एस्सी. एव्हिएशन, पदवीसोबत पायलट ट्रेनिंग, परवडणाऱ्या फीमध्ये. एका दगडात दोन पक्षी. उगाच नाही लोक मला हुशार म्हणत.

१२ मे.
पुण्याच्या त्या संस्थेतल्या मॅडमशी फोनवर बोललो. परवडणारी फी फक्त पदवीची आहे. विमानाचे पैसे तासावर, वेगळे. दोनशे तास उडवावंच लागतं म्हणाल्या. मी विचारलं, दोनशे तासांत काही कमी-जास्त? सरकारी नियम आहे म्हणाल्या. म्हटलं, रोख देतो, दीडशेत बसवा, पोरगा चटपटीत आहे. त्या हसल्या. मग विचारलं, एका विमानात दोन पोरं बसवून तास निम्मे-निम्मे वाटून घेता येतात का. फोन कट झाला. पुण्यात नेटवर्क लई खराब.

१६ मे.
मॅडमचं म्हणणं, आधी मेडिकल करून घ्या, मग फी भरा. पण याच महिन्यात भरली तर दहा टक्के सूट. मेडिकल करत बसलो तर सूट गेली की! धंद्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पहिल्या वर्षाची फी भरून टाकली. मल्लव्वाच्या पाटल्या मोडल्या. बायको आहे, थोडी रडणारच. विमानाच्या तासांसाठी विकायला वळसंगचं रान आहे. फी परत मिळणार नाही, असं पावतीवर बारीक अक्षरात छापलंय. आपल्याला कुठं परत पाहिजे?

प्रभुला आज सांगितलं. तो म्हणाला, आधी मेडिकल करून बघा की अप्पा. म्हटलं, बापाला अक्कल शिकवू नको. उठून बाहेर गेला. आनंदानं घरात बसवेना त्याला.

२० मे.
चौकात फ्लेक्स लावला. समाजातले पहिले पायलट कॅप्टन प्रभु यांचे हार्दिक अभिनंदन. माझे फोटो तीन, त्याचा एक. फोटोला हसत नव्हता, चिमटा काढला तेव्हा हसला. संध्याकाळी समाजातर्फे सत्कार. शाल, नारळ. मी पंचवीस मिनिटं बोललो. लोक भारावून गेले. प्रभुला बोलायला वेळ उरला नाही. तसाही तो काय बोलणार होता?

४ जून. पुणे.
मेडिकल. छाती, कान, रक्त सगळं फर्स्ट क्लास. मग डॉक्टरांनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक काढलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. पोराला दिसंना. मी मागून हळूच चौऱ्याहत्तर म्हटलं. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. लई उर्मट माणूस.

निकाल: लाल-हिरवा रंगांधळा. जन्मापासून. अनफिट. हे आईकडून येतं, असं डॉक्टर म्हणाले. जिवाला जरा बरं वाटलं. आमच्या घराण्यात असलं काही नाही. मल्लव्वाला लगेच फोन करून कळवलं. फेरतपासणी मागता येते म्हणे. मागितली.

१० जून.
हिंमत हरलेलो नाही. तसलंच ठिपक्यांचं पुस्तक मागवलं. पोराला दिसत नाही तर पाठ करू दे. पान एक बारा, पान दोन आठ, पान तीन एकोणतीस. सकाळ-संध्याकाळ पाढ्यासारखं म्हणवून घेतोय. चुकला की फूटपट्टी. अठरा वर्षांचा घोडा, हात पुढं करतो. शिस्त लागतेय.

२३ जून. पुणे.
डॉक्टर बदलले. यांनी पुस्तक मागच्या पानापासून उघडलं. प्रभु पहिल्या पानाला बारा म्हणाला, पुढच्याला आठ. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि अंधारात दिवे दाखवले. लाल, हिरवा, पांढरा. नापास. आता कायमचा.

परतीची एस.टी. धरली. टेंभुर्णी गेल्यावर प्रभुच बोलला. म्हणाला, अप्पा, मला हे आठवीपासून माहीत आहे. माझं डोकंच सरकलं. माहीत होतं तर आधी का नाही सांगितलंस, म्हणून ओरडलो. अख्खी गाडी बघायला लागली. तो म्हणाला, सांगितलं होतं, तुम्हालाच सांगितलं होतं. मोहोळ आलं तसा पिशवी घेऊन उतरला. मामाकडं चाललो म्हणाला. मी उतरलो नाही. सोलापूरचं तिकीट वाया गेलं असतं.

३० जून.
पोरगा अजून मोहोळलाच. मेहुणा सिद्धेश्वर दुधाचा धंदा करतो, तिथं कॅन उचलतो म्हणे. दूध पांढरं असतं, तिथं चूक होणार नाही, असं मामाला म्हणाला. बापाची इज्जत काढतो! फ्लेक्स आहे तिथंच आहे. लोक विचारतात, कॅप्टन कुठाय? ट्रेनिंगला गेलाय, असं सांगतो.

३ जुलै.
मल्लव्वानं मला न विचारता मोहोळला फोन केला. पोराची अट आहे. म्हणाला, मी आठवीत अप्पांना सांगितलं होतं, एवढं त्यांनी एकदा कबूल करावं, मग उद्या घरी येतो, दुकानातही बसतो. नाही कबूल केलं तर कायमचा तिकडंच. तो खोटं बोलणार नाही, असं ही म्हणते. आठवीत असताना पोरगा एकदा लई रडला होता, तेवढं हिला आठवतंय म्हणे. हिला सकाळी भाजीत मीठ टाकलं का ते आठवत नाही!

म्हटलं, भांडायचं कशाला. मी रोज लिहितो. आठवीच्या वर्षाची वही माळ्यावर आहे. तो बोलला असेल तर त्यात असेल, नसेल तर नसेल. असेल तर फोन करून कबूल करीन. शब्द दिला. मला कसली भीती?

५ जुलै. सकाळी ११.
दुकान उघडलेलं नाही. वही सापडली. जूनपासून एकेक पान बघत आलो. नोव्हेंबरपर्यंत काही नाही. मल्लव्वाला हाक मारून सांगितलंसुद्धा, बघ, काही नाही. मग ११ डिसेंबर. अक्षर माझंच. लिहिलंय:

प्रभुच्या शाळेत डोळे तपासले. लाल-हिरवं सारखंच दिसतं म्हणतो. डॉक्टरला दाखवा म्हणून सरांनी चिठ्ठी दिलीय म्हणे. दुकानात बसायला नको म्हणून नाटकं. चिठ्ठी फाडली, दोन ठेवून दिल्या. परत हे तोंडातून काढणार नाही, असं कबूल करून घेतलं. फार रडला. दुकानात एमसीबी स्विचचा स्टॉक आला.

चार वेळा वाचलं. मल्लव्वा दारात येऊन उभी राहिली. हातात फोन, मोहोळचा लागलेला. काय लिहिलंय, असं तिनं विचारलं. तिला मराठी वाचता येत नाही, कानडी शाळेतली आहे.

त्या दिवशी एमसीबीचा स्टॉक आला होता, एवढंच लिहिलंय, असं सांगितलं.