एकतीस नंबरच्या कागदातली दुरुस्ती

लोणार, बुधवार, ता. ९ फेब्रुवारी १९६६

डॉक्टर सत्यभामाताईंस इंद्रभान अर्जनवीसाचा नमस्कार.

तुमचं दोन तारखेचं पत्र सोमवारी सकाळी पोचलं. इकडे सर्व ठीक. हरभरा घरात आला. शाळेची घंटा पुन्हा तडकली.

आमच्या शाळेतल्या बेचाळीस मुलांच्या मनाची तुम्ही तपासणी केलीत, त्यातल्या पाच जणांची काळजी वाटते, हे वाचलं. "तुमच्या शुद्ध भाषेमुळे काम सोपं झालं," असंही लिहिलंत. चौथी शिकलेल्या माणसाला याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं? व्याकरण मी कचेरीच्या पायरीवर बसून, रद्दीतल्या पुस्तकांवरून शिकलो. वीस वर्षं लोकांचं बोलणं अर्जात बसवतो आहे. माणूस रडत येतो, "लय हानलं हो मले" म्हणतो. मी "मारहाण झाली" असं लिहितो. त्याचं रडणं कागदावर येत नाही.

मोठ्या मुलींना तुमची पुण्याची बोली उमगेना, म्हणून त्यांना प्रश्न मी विचारले. तुम्ही बजावलं होतं, "इंद्रभानभाऊ, बोलतील तसंच लिहा." ते मला पटलं नव्हतं. आमच्याकडच्या मुली 'मी जातो' म्हणतात. मी सगळीकडे 'जाते' केलं. त्यानं काही बिघडलं नसावं.

एकतीस नंबरच्या कागदात मात्र एक दुरुस्ती आहे. प्रश्न नववा : एकटं असताना मनात काय येतं? उत्तर मी लिहिलं आहे, 'मला पाणी आणायला आवडते.' मुलगी म्हणाली होती, "खालचं पाणी मले बलावते."

खालचं म्हणजे विवरातलं. तुम्ही काठावर उभ्या राहून नाकाला पदर लावला होता, तेच. ते खारं पाणी कुणी भरत नाही. गाव पाणी भरतं ते वर, धारेच्या गोड्या झऱ्यावर. तिथून तळं अर्ध्या तासाची उतरण आहे.

त्या पाण्यात भिजलेलं कापड वाळलं की पांढरी रेघ उरते. तिच्या परकरावरची रेघ मी फूटपट्टीनं मोजली. परकराच्या खालच्या काठापासून २४ जानेवारीला तीन इंच. ३१ ला साडेपाच. सोमवारी तिची घागर काढून घेतली. काल ती रिकाम्या हातानं गेली. अकरा.

कागदावर नावं नसतात, म्हणून सांगतो. ती बना. माझी मुलगी.

काल मी तिच्या आईला, वच्छलेला, कागदाचं सांगितलं. ती म्हणाली, "साऱ्या गावाचं लिहून देता, आन् पोरीचं एक बोलनं नाही लिहिता आलं तुमाले?"

मी म्हटलं, वाक्य अशुद्ध होतं.

ताई, हे कारण खोटं आहे. वाक्य चांगलं शुद्ध होतं, आणि मला ते कळलंही होतं. पण बाहेर ओट्यावर चार पालक बसले होते. अर्जनवीसाची पोरगी येडी, असं संध्याकाळपर्यंत बाजारात झालं असतं. तुमच्या त्या पाच मुलांपैकी तिघींचं बोलणं मीच नीट उतरवलं. त्या माझ्या नव्हत्या.

वर 'सर्व ठीक' लिहिलं आहे, तेही खोडलेलं समजा.

आज सकाळी कोरा कागद घेतला. वर ३१ घातलं आणि बनाला नववा प्रश्न पुन्हा विचारला.

ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. म्हणाली, "आता नाही बलावत, बाबा."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "काऊन वं?"

"म्या त्याले सांगतलं ना, येतो म्हणून."

तिचा 'येतो' मी 'येते' केलेला नाही. काना-मात्रा तिचीच आहे.

वच्छला तिचा हात धरून बसली आहे. मी उंबऱ्यात बसून लिहितो आहे. तार केली, पण तारेत एवढं मावलं नाही. हे पत्र एस.टी.चा कंडक्टर माणिकराव मलकापूरला मेलगाडीच्या टपालडब्यात टाकेल. तुम्ही मिळेल त्या गाडीनं निघा. तिला काय विचारावं ते मला कळत नाही. मला फक्त लिहिता येतं.



इंद्रभान
कागद नंबर एकतीसचा बाप