अप्पांनी ठेवलेलं नवं टायर

आदरणीय अण्णास धाकट्या कोदैचा नमस्कार. गुवाहाटीला माल उतरला का? जेवण वेळेवर होतं ना? तिरुचेंगोडला आम्ही सगळे बरे. अम्माचा गुडघा तेवढा कुरकुरतो. फोनवर तू नुसता ‘बरं, बरं’ म्हणतोस, म्हणून लिहिते.

परतल्यावर अप्पांनी मागे ठेवलेलं ‘नवं’ टायर लॉरीच्या पुढच्या चाकाला घालणार म्हणालास. अण्णा, ते कधी रस्त्याला लागलं नाही हे खरं, पण त्याच्या कडेचे आकडे मी पुसून पाहिले: ०७१४. चौदा सालचा सातवा आठवडा. पडवीत गोणपाटाखाली बसल्या बसल्या ते म्हातारं झालंय. (हे वाचायला अप्पांनीच शिकवलं. शाळेआधी माझी पाटी म्हणजे टायरच. काळ्या हातांवरून अम्मा आम्हा दोघांनाही रागवायची.) कडेला बारीक भेगा पडल्यात. घाटात ते फुटलं तर... पुढचं लिहवत नाही.

म्हणून काल टायरवाल्या चेन्निमलै मामांकडे गेले. त्यांच्याकडे दोनच होती. एक तीन वर्षांपूर्वीचं, पण शुभ तई महिन्यातलं. दुसरं गेल्या वर्षीचं, आठवडा एकतिसावा. बोटांवर मोजलं आणि हबकलेच: ऐन आडी महिना! आडीत आपण नवा झाडूसुद्धा घरात आणत नाही, आणि त्या महिन्यात जन्मलेलं टायर तुझ्या चाकाला? मी तईतलं मागितलं.

मामा हसले, “पोरी, टायर नेतेस की सून? नक्षत्रही सांगू का?”

“हसू नका मामा, त्याच्या भरवशावर माझा अण्णा घाट उतरणार आहे.”

“आणि आडीच्या सेलला साडीच्या दुकानात पहिली कोण उभी असते?”

मी पदर सावरला. (तीच साडी अंगावर होती.) मग मामाच हळू आवाजात म्हणाले, “तुझे अप्पा नेहमी ताजंच न्यायचे गं. महिना आडीचा असला तर निघताना चाकाखाली दोन लिंबं जास्त ठेवायचे, एवढंच.”

आडीतलं घेऊन आले. लिंबं चार आणलीत.

सावकाश ये.
तुझी कोदै

ता. क. आडीतलं टायर घेतल्याचं अम्माला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मामांनी ते आपल्याकडे सांभाळायला ठेवलंय.

ता. क. दुसरा. अप्पांचं टायर मी भंगारात देणार होते. भंगारवाल्याला दोनदा बोलावलं, दोनदा कॉफी पाजून परत पाठवलं. तूच काय ते कर. कुणी पुन्हा वापरू नये म्हणून ते कापूनच द्यावं लागेल. कापायच्या दिवशी मात्र मला आधी आत्याकडे पोचवून ये.