सोडतोय म्हणाला

शनिवार, १४ तारीख

चि. नातसूनबाईस,

आशीर्वाद. माझे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे वाईट. पोरीचा खोकला गेला का ते कळव. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. चौथीत शाळा सुटली माझी, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

इथे कशाची कमी नाही. बंगला एवढा की चष्मा कुठल्या खोलीत राहिला ते शोधण्यातच सकाळ जाते. फाटकावर पहारेकरी. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले तरी एक जण मागे येतो, जसं काही मी पळूनच चाललेय.

तुझ्या नवऱ्याला मी बडबड्या म्हणायची. काल साखर स्वस्त होती तर आज महाग का, असं विचारून वाण्याला भंडावून सोडायचा. वाण्याने हात जोडले, मग मास्तरांनी जोडले. त्याच एका प्रश्नावर शिष्यवृत्ती मिळवली, परदेशात शिकला, प्राध्यापक झाला, जाडजूड पुस्तक लिहिलं, मंत्र्यांना सल्ले दिले आणि शेवटी देशाच्या बँकेचा गव्हर्नर झाला. साखर अजून महागच आहे, ते असो.

आता त्याला शब्द काढायची चोरी. हा खोकला तरी बाजार पडतो म्हणे. परवा विचारलं, भाजीत मीठ घालू का? म्हणाला, "तूर्तास आहे तसंच ठेवू." घरात बसलोय, बँकेच्या व्याजदरावर बोलत नाही, हेही विसरला.

बरं, इकडचं तिकडचं पुरे.

सोमवारी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "आजी, सोडतोय एकदाचं." पुढ्यात सिगारेटचं पाकीट होतं. किती वर्षं मी त्या सिगारेटींच्या मागे लागलेय, तुला ठाऊक आहे. मला वाटलं, सुटला. मग त्याचे केस कापायला येणारा न्हावी आला. साहेब कसे आहेत म्हणाला, मी म्हटलं, सोडतोय एकदाचं. सिगारेटचं नाव मुद्दाम घेतलं नाही. पहारेकरी जवळ उभा, साहेब ओढतो हे बाहेर कशाला कळायला हवं? म्हणजे बघ, मी तोंड सांभाळूनच बोलले होते.

न्हावी इथून एका पेपरवाल्याची दाढी करायला गेला. दुपारपर्यंत गव्हर्नर राजीनामा देणार म्हणून सगळीकडे बोंब. बाजार कोसळला, वरून फोन आले आणि संध्याकाळी ह्याला कॅमेऱ्यापुढे उभा केला. "मी कुठेही जात नाही, मुदत पूर्ण करणार," म्हणाला. ते तू पाहिलंस. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस.

घरी येऊन व्हरांड्यात बसला, एका सिगारेटीवर दुसरी पेटवत. मी न्हाव्याचं सांगितलं. एवढा हसला की स्वयंपाकी बाहेर येऊन बघून गेला. मग हसू थांबलं आणि म्हणाला, "आजी, मी सिगारेटीबद्दल बोलतच नव्हतो."

राजीनामा देऊन या आठवड्यात घरी येतो, असा तुला शब्द दिला होता म्हणे. खरं तेच मी बाहेर फोडलं, आणि फुटलं म्हणून त्याला ते खोटं करावं लागलं. आता सोडलं तर लोक म्हणतील, माणूस थापाड्या. आणि नोटेवर ज्याची सही तोच थापाड्या निघाला तर नोट कोण घेणार? हे त्यानेच समजावलं. मला एवढंच कळलं की दार बंद झालंय आणि कडी मी लावलीय.

त्याच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव. मला सवय आहे, तुझी सासू जन्मभर रागावली. तो येऊ शकत नाही. तुझ्या कॉलेजला सुट्टी लागली की पोरीला घेऊन तूच ये. खोल्या उदंड आहेत, आणि या घरात कोणीतरी मोठ्याने भांडायला हवंय.

खाली त्याला सही करायला लावली. सवयीने हात नोटेवरची सही करायला लागला. खोडायला लावलं. म्हटलं, हे घरचं आहे, घरचं नाव लिही. मग काय लिहिलं ते खाली बघ.

तुझी, तोंडावर बोट ठेवून बसलेली,
आजी

बडबड्या