काळी माशी, खास तुझ्यासाठी

३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळे मजेत. पंपघरातला दोन नंबरचा पंप पुन्हा रुसलाय, तो माझ्या निवृत्तीपर्यंत रुसतच राहणार.

एक गंमत सांगायची आहे. स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोल्यांत दातांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या आहेत. माझी दाढ काढायच्या वेळी त्यांना माझ्या खिशाला टोचलेली तुझी माशी दिसली. त्यांनी चिमटा बाजूला ठेवला आणि आधी माशी हातात घेतली. मी आ वासून बसलेला! त्याही याच नादाच्या निघाल्या, म्हणजे आपल्यासारख्याच गळाला पीस-धागा गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि त्यावर मासा फसवायचा. आता दर रविवारी आम्ही बरोबरच नदीवर जातो. तुझी भावजय म्हणते, निदान दातांचा खर्च तरी वाचेल.

बाईंचं म्हणणं, मी दोर फार ताणून धरतो. जरा सैल सोडावा, माशी पाण्याच्या मर्जीनं वाहू द्यावी. ओढली की माशाला लबाडी कळते. तसं केलं आणि तासाभरात दोन मिळाले! तुझं काय मत? ताणून धर म्हणून तू माझ्या डोक्यात कमी टपल्या मारलेल्या नाहीस.

जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली आपला तो म्हातारा मासा अजून आहे. बाबांच्या हातून सुटला तोच हा, नाहीतर त्याचा नातू असेल, पण मोठा आहे. तू कधी येतोस? सहा वर्षं झाली. गुडघ्याचं निमित्त आता पुरे.

लोभ आहे तितका राहू दे, वाढला तर हरकत नाही.
तुझा,
बारक्या


९ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चुकून कुणा डॉक्टरीणबाईंचं चरित्र पाकिटात आलंय. मग शोधत बसलो तेव्हा कुठे दादा सापडला, तोही मायन्यात.

सैल दोराचं म्हणशील तर बाबांनी मला ताणून धरायला शिकवलं आणि मी तुला. चाळीस वर्षं तुला मासे मिळाले ते काय दातांच्या दवाखान्याच्या कृपेनं? ते दोन बिचारे आजारी असतील. मोठा लागू दे, मग कळेल सैल दोर काय करतो ते. आणि मत विचारायचं तर करून पाहण्याआधी विचारावं. नंतर विचारणं म्हणजे नुसतं कळवणं.

गुडघा निमित्त नाही, गुडघा आहे. दुकानात जाऊन येतो तेवढंच खूप झालं.

तुझी वहिनी खांद्यावरून वाचतेय आणि हसतेय. म्हणते, तुमच्या पोटात दुखतंय. मला काहीही झालेलं नाही.

आहेस तसा राहा, दुसऱ्या कुणासारखा होऊ नकोस, एवढीच मागणी.
तुझा,
दादा


१८ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावलास की काय? अरे, तुला सांगितल्याशिवाय मला मासा मिळाल्यासारखा वाटत नाही, म्हणून लिहिलं.

तुझी ती जुनी काळी माशी बाईंनी दवाखान्यातल्या भिंगाखाली धरून पाहिली. म्हणाल्या, एवढी बारीक कंबर त्यांनी कुठल्याच माशीची पाहिली नाही, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा हात तो, दिसतोच. तोंडभर कौतुक केलं रे! कृती मिळेल का विचारत होत्या. मी सांगून टाकलं, दादाला विचारतो, तो काही नाही म्हणणार नाही.

आणखी एक. नदीचं पाणी उतरलंय. सात मेच्या रविवारी मी म्हाताऱ्यासाठी जाणार. जुन्या माशीची पिसं गेलीत. एक नवी बांधून पाठवशील का? म्हाताऱ्याला तुझीच माशी हवी.

तू यावंस असं फारच वाटतं. तोवर पत्रातून तरी ये.
तुझा,
बारक्या


२६ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

दुकानात गर्दी असल्यानं चार ओळीच लिहितोय. सोबत काळी माशी आहे, खास तुझ्यासाठी बांधलेली. पाकिटातून काढून तशीच दोराला बांध, उगाच हाताळत बसू नकोस. बाईंना भिंगाखाली धरायला तर मुळीच देऊ नकोस, रंग उतरतो.

कृती घरातली आहे, घरात राहू दे.

रविवारी त्यांच्या पद्धतीनं, अगदी सैल दोरानं टाक. बघ काय होतं ते. लगेच कळव.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
दादा


८ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

म्हातारा गेला.

पहाटे खांबापाशी पोचलो. तिसऱ्याच फेकीला त्यानं तुझी माशी घेतली. दादा, काठी अशी वाकली की मी मोठ्यानं बाबांना हाक मारली. तीन-चार झटके दिले असतील त्यानं, आणि एकदम दोर हलका. माशी होती तशी परत आली. तू सैल दोरानं टाक म्हणून लिहिलंस, बाईही काठावरून तेच सांगत होत्या, पण माशी तुझी होती म्हणून मी तू शिकवलंस तसाच ताणून धरला होता. त्यामुळे चूक ना तुझी, ना बाईंची. माझाच हात कच्चा. बाबांच्या हातून सुटला तेव्हा ते म्हातारे झाले होते, मला तर तेही निमित्त नाही.

चाळीस वर्षं तू शिकवलंस आणि मी ऐन वेळी माती खाल्ली. लाज वाटते. मी मासे धरणं सोडतोय. बाबांची काठी काल बाईंना देऊन आलो, माशी दोरालाच आहे. त्या घेत नव्हत्या, मी कोपऱ्यात उभी करून निघून आलो. आता तुला माझ्या प्रश्नांचा त्रास नाही.

सगळ्यांना नमस्कार. पंप ठीक आहे.
बारक्या


११ मे

श्री. घड्याळदुरुस्तीवाले दादा यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिते. तुमचे बंधू वडिलांची काठी माझ्या दवाखान्यात ठेवून गेले. दोराला तुमची माशी होती. मी ती भिंगाखाली पाहिली. गळाचं टोक घासलेलं आहे, आडवं, फार सफाईनं. दातांवरच्या असल्या खुणा मी रोज बघते. इतकी बारीक कानस आपल्या तिघांत दोघांकडेच असणार, तुमच्याकडे आणि माझ्याकडे. माझी मी वापरलेली नाही.

तुमच्या बंधूंना मी काही बोललेले नाही. ते तुमचं तुम्ही सांगा. मला राग आला, हे मात्र लपवत नाही. मोठा माणूस गेले चार दिवस पंपघरातून मान खाली घालून घरी जातोय.

एक कबुली माझीही. मला तुमचा हेवा वाटतो. मी काहीही सांगितलं की ते म्हणतात, थांबा, दादाला विचारतो. दोन मासे मिळाले त्या दिवशीही माझ्याकडे न बघता ते खिशात पोस्टाचं पाकीट शोधत होते.

आणखी एक दिसलं. धाग्याचे पहिले वेढे सरळ आहेत, शेवटचे चार थरथरत्या हाताचे. माझाही हात कापतो. दात कोरताना मी करंगळी पेशंटच्या हनुवटीवर टेकवते, मग बाकीची बोटं मुकाट्यानं काम करतात. माशी बांधताना तुम्ही ती टेबलाला कसलेल्या पकडीवर टेकवून बघा. सल्ला मागितलेला नाही, तरी दिला.

राग निवळेल, उत्तर मात्र लवकर यावं.
दवाखान्यातली


१७ मे

चि. बारक्यास,

आशीर्वाद देण्याच्या लायकीचा आज मी नाही, म्हणून तो गाळला.

तुझा हात कच्चा नाही. गळाचं टोक मी कानशीनं बोथट केलं होतं. जाणूनबुजून. तू बाईंच्या सैल दोरानं टाकशील, मासा सुटेल आणि बाईंची पद्धत खोटी ठरेल, असा माझा हिशेब होता. तू माझंच ऐकशील हे डोक्यातच आलं नाही. बाईंनी भिंगातून पकडलं. त्यांनी लिहिलं नसतं तर मी कबूल केलं असतं का, ते मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू?

गुडघा माझा ठणठणीत आहे. उजवा हात कापतो, सहा वर्षं झाली. दुकानात मी आता फक्त पट्टे आणि सेल बदलतो, आतलं काम दुसऱ्या दुकानात पाठवतो. ती माशी बांधायला चार दिवस लागले. नदीवर येऊन तुझ्यादेखत दोर झाडात अडकवायचा, त्यापेक्षा गुडघा बरा वाटला. दादा, कुठे टाकू, कसं टाकू, अशी तुझी पत्रं यायची, तेवढंच माझं मासे धरणं उरलं होतं. तेही बाई घेऊन चालल्या असं वाटलं. जळलो रे. या वयात, एका दातवालीवर.

तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस माझ्यापुढे ताट आदळलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, आधी त्या बाईंना कृती पाठवा. पाठवली, सगळी, काहीही न राखता. त्यांचा करंगळीचा सल्लाही करून पाहिला. वेढे सरळ आले. त्याचाही राग आला, पण आले.

काठी परत आण. माझ्यावर रागव, नदीवर नको. लोभ मागायला तोंड नाही.
दादा


१२ जून

ती. दादास,
नमस्कार.

शिरसाष्टांग वगैरे अजून काही दिवस नाही.

तुझं पत्र वाचून मी पंपघराच्या मागे जाऊन तुला शिव्या दिल्या. पंपाच्या आवाजात जोरात देता आल्या. तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण रोज लिहायला बसलो की पुन्हा राग यायचा. म्हातारा बाबांचा होता रे, दादा. आणि हाताचं सहा वर्षं मला सांगितलं नाहीस, याचा राग जास्त आहे. कानशीचा त्यानंतर.

काठी परत आणली. बाईंनी तुझी कृती मला वाचायला दिली. सहा पानं! कुठल्या बोटानं पीस दाबायचं, कधी श्वास रोखायचा, बाबा धागा मेणातून कसा ओढायचे. मला चाळीस वर्षांत दोन ओळींच्या वर काही लिहिलंस का? आणि शेवटी त्यांना विचारतोस, सैल दोर नेमका किती सैल ठेवायचा! माझ्या अंगाची लाही झाली. आता त्या प्रत्येक गोष्टीला म्हणतात, थांबा, तुमच्या दादांना विचारते. मी नदीकाठी बसून तुमच्या दोघांच्या पत्रांवर जळत असतो.

म्हातारा परवा दिसला, तिसऱ्याच खांबाखाली. आम्ही कुणी गळ टाकलेला नाही.

तुझी ती माशी सोबत परत पाठवतोय. तिच्या टोकाला धार लाव, करंगळी टेकवून, नीट. आणि घेऊन तू ये. दोर झाडात अडकला तर मी झाडावर चढेन. पण माशी पाठवू नकोस. पोस्टानं आलेल्या माशीवर आता माझा विश्वास राहिलेला नाही.

लोभ आहे. तो न्यायला मात्र स्वतः यावं लागेल.
तुझा,
बारक्या