परत आणलेली मडकी

बाई, तुम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत लोक मला बाई म्हणायला लागले आणि मी ते चालवून घेतलं. एकदा तरी म्हणायला हवं होतं की बाई त्या, मी नुसती त्यांच्या वसतिगृहातली मुलगी. म्हटलं नाही. उलट बरं वाटलं. आता नव्यानं येणाऱ्या मुलींना माझ्या आधी इथं दुसऱ्या कुणी बाई होत्या हेच ठाऊक नसतं. कचेरीतल्या तुमच्या फोटोकडे बघून त्या विचारतात, ही तुमची आई का? मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. नुसती हसते. हसून वेळ मारून नेण्याची कला मला देणगीदारांनी शिकवली. ती तुमच्याकडून आलेली नाही.

मामानं मला माढ्याहून आणून तुमच्या पडवीत सोडलं आणि तो मागे न बघता गेला, तेव्हा तुम्ही चुलीपुढे बसला होता. मला काही न विचारता ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी वाढलीत. मी अधाशासारखी खात होते आणि तुम्ही दुसरी भाकरी थापत म्हणालात, "ही माजी न्हवं गं, पेठेतल्या बायांची हाय. खा." मला काही कळलं नाही. कळलं ते पुढच्या रविवारी, तुम्ही माझ्या हातात जाड कापडाची पिशवी दिलीत तेव्हा. शहरातल्या कितीतरी घरांत जात्याशेजारी गेरूचा पट्टा ओढलेलं एक मडकं असायचं. दळायला बसण्याआधी घरची बाई ज्वारीची एक मूठ त्या मडक्यात टाकायची, ती आपल्या वसतिगृहातल्या मुलींची. रविवारी आपण जाऊन मडक्यातली ज्वारी पिशवीत ओतून आणायची. कारकुनाच्या घरी, अडत्याच्या घरी, गिरणीत जाणाऱ्यांच्या चाळीत, विणकरांच्या गल्लीत, सगळीकडे तेच मडकं आणि तीच मूठ. वसतिगृह चाललं ते त्यावर. चळवळीचे दिवस होते, रस्त्यात पांढरी टोपी घालायचीही चोरी झाली होती, पण त्या दिवसांतसुद्धा मूठ चुकली नव्हती.

तुम्ही घरात शिरलात की आधी बसायच्या. पाणी मागून घ्यायच्या, कुणाचं पोट दुखतंय, कुणाची सून माहेरी गेलीय ते विचारायच्या, आणि मग मडक्याकडे वळायच्या. मला ते रटाळ वाटायचं. त्याहून खरं सांगायचं तर मला तिथं बसायचीच लाज वाटायची. शाळेत मुली मला "मुठीची पोर" म्हणायच्या. एका रविवारी आपण माझ्याच वर्गातल्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई मडकं पिशवीत ओतत होती आणि ती दाराआडून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला काहीही म्हटलं नाही, नेहमीसारखी शेजारी बसली, अर्धा पेरूही दिला. तो पेरू मी नाल्यात फेकला. तिनं चिडवलं असतं तर मी भांडले तरी असते. दयेशी कसं भांडायचं ते मला तेव्हा येत नव्हतं, आणि आजही येतं असं नाही.

मग मी शिकले, मास्तरीण झाले, आणि तुमच्याच हाताखाली राहिले. एक दिवस तुम्ही मला काळी छत्री आणून दिलीत, "आता मूठ तू बघ, माजं गुडघं दुखत्यात" म्हणालात. मी ती छत्री घेऊन पेठेत निघाले की मला वाटायचं, सगळं सोलापूर माझ्याकडे बघतंय. बघत कुणीच नव्हतं. ज्याला त्याला आपापल्या गिरणीचा भोंगा गाठायची घाई. पण लाज एकदा अंगात भिनली की ती रिकाम्या रस्त्यातही माणसं उभी करते. मला बोलायला मात्र छान यायचं. सभेत उभी राहिले की लोक गप्प होऊन ऐकायचे. अशाच एका हळदीकुंकवाच्या सभेनंतर भुसार पेठेतल्या एका व्यापाऱ्यांनी मला बोलावून घेतलं. गृहस्थ सज्जन. म्हणाले, "पोरी उन्हातान्हात दारोदार कशाला हिंडवता? वर्षाची ज्वारी माझ्या कोठारातून न्या." मी हवेतच तरंगत घरी आले. तुम्ही तेव्हा मंगळवेढ्याला होता, भावाच्या आजारपणात अडकलेल्या. तुम्हाला कळवायलाही थांबले नाही. पोती येऊन पडली, आणि मी ठरवलं की आता मूठ बंद.

नुसती बंद करून थांबले असते तरी चाललं असतं. पण मला मडकी हवी होती. ती मडकी लोकांच्या घरात असेपर्यंत मी मुठीची पोरच राहणार होते. सगळ्यांना मी सांगत मात्र होते की गरिबांवरचा भार कमी करायचाय. आणि बाई, ते मलाही खरं वाटत होतं, हे जास्त वाईट.

पहिलं घर विणकर गल्लीतलं. तुम्ही जिला अक्का म्हणायच्या ती बाई; नवरा हातमागावर, ही दारात बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरणारी. घरात तेलुगू, आपल्याशी मोडकीतोडकी आपली बोली. तिची ज्वारी नेहमी पाखडलेली असायची. मी दारात उभी आहे. मी बसत नाही, पाणी मागत नाही. सांगते, मडकं न्यायला आलेय. ती रहाट थांबवते, लुगड्याला हात पुसते. "आजपास्नं नगो व्हय?" मी म्हणते, "आता गरज नाही." हे असं म्हणते, जणू तिला खुशखबरच देतेय. मडकं अर्धं भरलेलं आहे. मी ते तिच्याच सुपात ओतते आणि रिकामं मडकं काखोटीला मारून निघते. गल्लीतल्या बाया आपापल्या दारांतून बघताहेत. उशीर झाला म्हणून बाकीच्या घरांची मडकी मी पुढच्या रविवारवर टाकते.

तुम्ही मंगळवेढ्याहून सर्व्हिस मोटारीनं परत आलात, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेल्या. पडवीत मडक्यांची उतरंड बघून दारातच थांबलात. मला वाटलं, आता शाबासकी. मी पोत्यांची थप्पी दाखवली. तुम्ही पोत्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"ही मडकी त्यांनी दिली का तू आणलीस?"

"मी आणली. त्यांच्यावरचा भार—"

"भार हाय म्हून त्यांनी सांगितलं व्हय तुला?"

"पण बाई, एक माणूस एका शब्दात वर्षाची ज्वारी देतोय!"

"देतोय तवर देतोय," तुम्ही म्हणालात आणि हातपाय धुवायला गेलात. त्या रात्री तुम्ही मला ताट वाढलंत, पण समोर बसला नाहीत. मी रुसले. जुन्या वळणाच्या आहेत, माझं मोठेपण त्यांना बघवत नाही, असंही मनात आलं. हो, आलं. तुमच्याबद्दल असं काही माझ्या मनात येऊ शकतं याची मला आज शिसारी येते.

पुढच्या साली पाऊस आला नाही. मोहोळकडच्या रस्त्यानं मेंढरं घेऊन धनगर निघाले ते परतलेच नाहीत, आणि ज्वारीचे भाव चढत गेले. व्यापाऱ्यांनी आधी उशीर केला, मग निम्मी पोती पाठवली, मग निरोप पाठवला की यंदा जमणार नाही. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. धान्य विकणं हा त्यांचा धंदाच होता. आमचा धंदा काय होता ते मी विसरले होते. वसतिगृहात एकवेळची भाकरी सुरू झाली. धाकट्या मुली ताट चाटून पुसून ठेवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या नाहीत. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण मुलींना सगळं कळतं. आणि मग एका रविवारी तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी उठलात, पुन्हा गेरू कालवलात, मडक्यांवर पट्टे ओढलेत, आणि मला म्हणालात, "चल."

बायांनी मडकी घेतली, बाई. हे मी विसरू शकत नाही. ज्यांच्या स्वतःच्या घरात धान्याची मारामार होती त्यांनी घेतली. कुणी टोमणा मारला, कुणी नाक मुरडलं, चाळीतली एक म्हातारी म्हणाली, "आता आटवण झाली व्हय आमची?" पण घेतली. तुम्ही प्रत्येक घरी बसलात, पाणी प्यायलात. मी तुमच्या मागे, मान खाली. विणकर गल्ली तुम्ही शेवटी ठेवली होती, का ते मला कळत होतं.

"बसा की बाई, उनात कशाला हुबं ऱ्हाता," अक्का म्हणाली. गुळाचा चहा केला. पितळीत ओतून आधी मला दिला, पाहुणीला द्यावा तसा. तुम्ही मडकं पुढे केलंत. तिनं त्याला हात लावला नाही.

"मडकं नगो, बाई."

"अक्का, पोरी उपाशी हाईत."

"पोरींला काय लागंल ते मी येऊन देते की. मडकं नगो." मग माझ्याकडे न बघता, "घातलेली मूठ माज्याच सुपात वतून गेल्या ह्या. गल्लीत समदी इचारली, तुज्या ज्वारीत काय हुतं म्हून. आठ रोज इचारत हुती. पुडच्या ऐतवारी समद्यांची मडकी नेल्यावर गप झाली. मी आठ रोज ती ज्वारी दळली न्हाय. पोरींची ज्वारी, कशी दळू?"

सुपात ओतल्याचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते तिथं, तिच्या दारात कळलं. तुम्ही पितळी खाली ठेवलीत आणि दोन्ही हात जोडलेत. "माज्या पोरीची चूक झाली, अक्का," म्हणालात. आणि मग माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. तुम्ही नुसती वाट बघत होता. आता मी एक वाक्य बोलायचं होतं. मला, सभा गाजवणारीला, एक वाक्य. मी मागावरच्या सुताकडे बघत राहिले. हिरवं सूत होतं, ते अजून डोळ्यांपुढे आहे. ती म्हणाली, "चहा निवला, घ्या की," आणि तो क्षण गेला.

गल्लीतून निघताना तुम्ही एवढंच म्हणालात, "येत्या रविवारी तू एकटी ये हितं. मडकं आणू नगंस." मी हो म्हटलं. त्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी परीक्षेचे पेपर होते. तुम्ही काही दिवस विचारत राहिलात, मग विचारायचं सोडलंत, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. अक्का मात्र स्वतः ज्वारी आणून द्यायची, पदराखाली झाकून. मी कचेरीत असले तर ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायची. तुमच्या मयतीलाही ती आली होती. मला दिसली, मी दुसरीकडे वळले.

आता मला ठिकठिकाणी बोलावतात. संस्था चालवणारी तरुण मंडळी येतात, देणग्या कशा मिळवायच्या, माणसं कशी जोडायची, पुढारपण कसं करायचं ते विचारतात. मी त्यांना मडक्यांची गोष्ट सांगते. माझी चूक लपवत नाही. सुपात ज्वारी ओतली तेसुद्धा सांगते. लोकांना आपली चूक कबूल करणारी माणसं आवडतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी सांगते की एकाच मोठ्या दाराच्या भरवशावर राहू नका, मागायला गेलात की आधी बसा. हे सगळं तुमचंच, बाई, आणि तसं मी म्हणतेही.

पण गोष्टीचा शेवट मी बदललाय. गोष्टीत मी पुढच्या रविवारी एकटी जाते. तिच्या दारात बसते, पाणी मागते, माझं चुकलं म्हणते. ती रहाट थांबवते, रडते, आणि म्हणते, आण ते मडकं. इथं ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. माझेही येतात, आणि ते अश्रू खोटे नसतात, हे कसं ते मला कळत नाही. काल एका मुलीनं भाषणानंतर विचारलं, त्या बाईंचं घर अजून आहे का, आम्हाला बघता येईल का? मी सांगितलं, ती गल्ली केव्हाच पाडली. गल्ली आहे. अक्का गेली, पण तिची नात त्याच दारात बसते, आणि बाजारातून येताना मी लांबच्या रस्त्यानं घरी येते.

हे लिहून झाल्यावर कागद कुठं ठेवायचा ते ठरवलेलं नाही. तुम्हाला पोचवायचा कसा, तो प्रश्नच नाही. उद्या बार्शीकडची नवी मंडळी यायची आहेत, सकाळीच. आज हे सगळं इतकं स्पष्ट लिहिल्यावर तरी उद्या खरा शेवट सांगावा, असं मघापासून मनाला बजावतेय. पण मी स्वतःला ओळखते, बाई. उद्याही ती मडकं घेईल.