हेगला आलेले तिघे

३ डिसेंबर २०२४
दुपारी इथे नेदरलँड्सच्या गोदामात सू-यॉन पॅकिंग सोडून फोनला चिकटलेली. तिच्या कोरियात लष्करी कायदा जाहीर झाला! धाकटी बहीण सोलमध्ये संसदेकडे निघालीय.
"सैनिक असतील ना तिथे?" मी.
"म्हणूनच निघाली."
शिफ्ट सुटेपर्यंत संसदेने तो हुकूम फेटाळलासुद्धा.

२० जानेवारी
आमच्या गोदामातल्या विशाखाचं पोटातलं बाळ गेलं. चौथा महिना. हलकं काम द्या म्हणून किती विनवलं तिने! सुपरवायझर हसला होता. जड खोकी तिच्याच माथी.

३ फेब्रुवारी
विशाखा कामावर परत. चेहऱ्याकडे बघवत नाही.
सू-यॉन आणि मी जाब विचारायला सुपरवायझरपुढे जाऊन उभ्या राहिलो. बाकीच्या बायका लेबलं चिकटवत राहिल्या. विशाखा तर हात जोडून — "मालिनीताई, नका ना! ह्यांच्या इथे राहायच्या परमिटचं काही झालं तर?"

५ फेब्रुवारी
आम्हाला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीचा मेसेज. आम्हा दोघींना यापुढे शिफ्ट नाहीत.
माझा नवरा प्रसन्न म्हणाला, "सांगत होतो तुला. काय मिळालं?"
काही नाही. खरंच काही नाही.

१२ फेब्रुवारी
उठावंसंच वाटत नाही.

१ मार्च
सू-यॉनने ओढून हेगला नेलं. एक जुनं हॉटेल, आता संग्रहालय. १९०७ साली तीन कोरियन इथे आले होते — जपान आमचा देश गिळतोय, जगाच्या परिषदेत आमचं ऐका म्हणून. कोणी आतच घेतलं नाही! एकाचा जीव याच हॉटेलात गेला. तीन वर्षांत देशही गेला.
"मग हे कशाला दाखवतेस मला?" मी चिडलेच.
"बारा वर्षांनी, आजच्याच तारखेला, माझी पणजी रस्त्यावर उतरली. तुरुंगात गेली. स्वातंत्र्य तेव्हाही मिळालं नाही. पण घरातल्या प्रत्येक मुलीला तिची गोष्ट सांगतात. आई सत्त्याऐंशीत हुकूमशाहीविरुद्ध उतरली. बहिणीला वेगळं शिकवावं लागलं नाही."
लाठ्या तर माझ्या पणजोबांनीही खाल्ल्या होत्या. आम्ही फोटोला हार घालतो आणि मान खाली घालतो. ट्रेनमध्ये तोंड फिरवून रडले. कुणासाठी भांडलो आपण? जिच्यासाठी भांडलो, तिलाच नको होतं.

४ मार्च
सकाळी विशाखाचा फोन. मागे ट्रकचे आवाज. "ताई, मी गोदामाच्या फाटकाबाहेर उभी आहे. आत जाणार नाही. बाळाचं काय झालं ते पुठ्ठ्यावर लिहिलंय." मग एकदम — "थांबा... बायका बाहेर येतायत!"