रजेचा भाव

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी, तुमची सून आणि नात, तिघेही इथे धडधाकट आहोत. तुमची प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी हल्ली फक्त पत्रातच विचारतो. आमच्या कचेरीत तो विचारला की समोरचा माणूस दचकतो. का, ते सांगायलाच हा पत्रप्रपंच. फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक आहे’ म्हणता आणि ठेवून देता, तुमच्याशी बोलायचं तर लिहावंच लागतं. (अक्का, पत्र तूच वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. कंसातलं सगळं फक्त तुझ्यासाठी आहे, ते मोठ्याने वाचू नकोस. घसा खाकर आणि पुढे जा.)

आमच्या संस्थेत नेमकं काय चालतं हे तुम्ही दर खेपेला विचारता आणि मी दर खेपेला विषय बदलतो. आज सांगतो. आम्ही राज्य सरकारला लेखी कळवतो की सरकारने काय काय करू नये. मंत्र्यांसाठी दोन पानं, वर्तमानपत्रांसाठी अर्धं पान, आणि देणगीदारांसाठी तेच सगळं जाड गुळगुळीत कागदावर, फोटोंसकट. सरकार बहुधा ऐकत नाही, म्हणून तर आमचं काम टिकून आहे. गेल्या वर्षी मात्र ऐकलं. न्हाव्यांना लागणारा परवाना आमच्या अहवालामुळे रद्द झाला, आणि त्यानंतर माझ्या डाव्या कानाचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. (इथे ते हसले का, ते मला कळव.) तुम्ही जन्मभर वजनमापं तपासत बाजार हिंडलात, तुम्हाला लांबून बघितलं की दुकानदार पारड्याखालचं मेण खरवडायला लागायचे. आणि मुलगा निघाला तो तपासनीसच नकोत असं लिहून पोट भरणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यावरून तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

तर रजा. या वर्षी संस्थेने ठरवलं की सरकारी नोकरांच्या रजेचा खुला बाजार असावा. ज्याला रजा नको त्याने विकावी, ज्याला हवी त्याने विकत घ्यावी, साहेबाच्या मेहेरबानीचा प्रश्नच नको. हा अहवाल मी लिहिला. चांगला लिहिला असं मला अजूनही वाटतं. आपला तो बाब्या असतोच. लोकांना सांगण्याआधी आपण करून दाखवावं म्हणून संचालकांनी ही योजना प्रथम आमच्याच कचेरीत लागू केली. पिण्याच्या पाण्याशेजारी पांढरा फळा लागला. त्यावर हिशेबनीस बाई रोज सकाळी रजेचा भाव लिहितात, आणि लोक तहान नसताना पेला घेऊन तिथे उभे राहतात. पहिला सौदा अहवालाच्या लेखकानेच करावा असा आग्रह झाला. मी वर्षाची सगळी रजा विकली. टाळ्या पडल्या, फोटो निघाला, घरी वॉशिंग मशीन आलं. ते एक दिवस चालतं आणि दोन दिवस बंद असतं. आमच्या घरात रजा आता फक्त त्यालाच आहे.

माझी रजा घेतली कोणी? आमच्या ग्रंथपालांनी. आम्ही त्यांना कोठारमास्तर म्हणतो. हा माणूस स्वतः कधी रजेवर जात नाही, पण भाव पडलेला असताना त्याने जमेल त्याची रजा घेऊन ठेवली आणि आता पुस्तकांच्या कपाटाआड अंड्यांवरच्या कोंबडीसारखा बसून आहे. तुमच्या छातीचं दुखणं वाढल्याचं अक्काने कळवलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वडिलांची प्रकृती कशी आहे हे इतक्या मायेने विचारलं की मी बोलून गेलो. दुखणं वाढलंय म्हणालो. ते हळहळले. (मग डॉक्टर तुला जे म्हणाले तेही सांगून बसलो, की ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. हे मी घरातसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.) जेवणाच्या सुट्टीनंतर फळ्यावर भाव दुप्पट. आता आठवडाभराची रजा घ्यायची तर वॉशिंग मशीन, कपाट आणि वर स्वतःलाही विकावं लागेल. तुम्ही म्हणायचात, काटा बघू नकोस, दुकानदाराचा अंगठा बघ. मी अंगठा विसरलो आणि त्यांचे डोळे बघत बसलो. भांडायला गेलो तर त्यांनी माझाच अहवाल उघडून समोर धरला: साठेबाज हा समाजाचा शत्रू नसून, टंचाईच्या दिवसासाठी माल राखून ठेवणारा दूरदर्शी माणूस आहे. वाक्य माझंच, स्वल्पविरामासकट. तेव्हापासून कचेरीत कोणी कोणाची प्रकृती विचारली की उत्तर एकच, ठणठणीत. टंकलेखक बाई परवा अंगात ताप असताना ठणठणीत म्हणाल्या आणि खुर्चीवरच कलंडल्या.

शेवटी संचालकांकडे गेलो. माणूस वाईट नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण वाईट असता तर मनातल्या मनात शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यांनी दार लोटून घेतलं, सगळं ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘भाव चढला, म्हणजे तुमचं वडिलांवर किती प्रेम आहे ते बाजाराने ओळखलं. कुठल्या सरकारी साहेबाला हे जमलं असतं, सांगा बरं?’’ विधानसभेची समिती लवकरच हा प्रयोग बघायला येणार आहे. अशा वेळी एकालाही फुकट रजा दिली तर सगळं मुसळ केरात. उलट समितीसमोर मीच माझं उदाहरण सांगावं अशी त्यांची सूचना आहे, फक्त शेवट जरा गोड करून. मी हताश होऊन मान हलवली, त्यांनी तो होकार धरला. आता माझं नाव कार्यक्रमपत्रिकेत आहे.

रविवारी यावं तर तो प्रवासातच संपतो. तुम्ही म्हणाल, खड्ड्यात गेली रजा, ये निघून. पण विनारजा गैरहजर राहणाऱ्याचा करार तिथल्या तिथे संपतो, असं योजनेत कलम आहे. ते कोणी घातलं हे विचारू नका. करार संपला की ही दोन खोल्यांची जागाही जाते, कारण ती संस्थेची आहे. आणि तुमची औषधं येतात ती याच पगारातून. म्हणजे मी भेटायला आलो तर औषधं थांबणार, आणि औषधं चालू ठेवायची तर मी येऊ शकत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेले. बाबा, मला रडू येतं. उघड्या फाईलमागे तोंड लपवून रडतो, कारण चारचौघांत रडलो तर भाव आणखी चढेल. (तुझ्या भावजयीला मी सर्दी झालीय म्हणून सांगितलंय. तिचाही विश्वास बसलेला नाही.)

असो. औषध गादीखाली दडवू नका, ते अक्काला केव्हाच सापडलेलं आहे. तिच्याशी भांडू नका. भांडायचंच असेल तर थोडं माझ्यासाठी शिल्लक ठेवा. नात तुम्हाला पापा पाठवते आहे.

तुमचा
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. कचेरीत एक रजा अजून फुकट मिळते, ती म्हणजे शोकरजा. आई किंवा वडील गेले तर. मरणाची वेळ माणूस निवडत नाही, तिथे बाजार नको, असं आमचे म्हातारे अध्यक्ष हट्टाने म्हणाले होते. योजनेतलं तेवढं एकच कलम मी लिहिलेलं नाही. घरून नुसता निरोप आला तरी रजा मंजूर होते, दाखला मागाहून चालतो. तेव्हा बाबा, तुमची हरकत नसेल तर तुम्ही गेल्याचं अक्काने कचेरीत कळवावं. लहान तोंडी मोठा घास आहे. पण जित्याजागत्या माणसाला त्याला न विचारता मारणं मला बरं वाटेना. (अक्का, डॉक्टरांचं खरं ठरलं तर दाखल्याचीही अडचण येणार नाही.)

आणखी एक ता. क. हिशेबनीस बाईंना सहज विचारल्यासारखं करून विचारलं. ही रजा वडिलांसाठी एकदाच, घेतली की संपली. म्हणजे आत्ता घेतली तर पुढे ती वेळ खरोखर येईल तेव्हा मी तिथे नसेन. सगळं अक्कालाच करावं लागेल आणि लोक मला नावं ठेवतील. ठेवू देत. तेव्हा येऊन मी भेटणार कोणाला?

शेवटचा ता. क. अक्का, आता हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच, कंसांसकट. ज्याने जन्मभर लोकांच्या पारड्याखालचं मेण शोधलं त्याच्यापासून आपण काय लपवणार? तू पहिल्यांदा घसा खाकरलास तेव्हाच त्यांना कळलं असेल. बाबा, हो म्हणालात तर मिळेल त्या गाडीने निघतो. दार अक्काच उघडेल. पण मी कडी वाजवली की आतून ‘कोण आहे?’ हे तेवढं तुम्ही विचारा.